डाव्या चाकाचं झाकण

नवागाम, सुरत
३ डिसेंबर २०२४

प्रिय पंडितदादा,

रामराम. तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा अजून दुखतोच आहे हे वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं खाली बसून भाकरी थापू नको, ओट्यावर थाप. ऐकणार नाही, माहीत आहे. इकडे रंजना बरी आहे. मी बरा आहे. तुझी धनश्री, जावईबापू, नात प्रिया सगळे मजेत. प्रियाचा समोरचा दात शाळेत खो-खो खेळताना अर्धा तुटला, ते धनश्रीने तुला कळवलंच असेल. आता दुखत वगैरे नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्रांचं बरं आहे. बमरोलीच्या मिलमधल्या त्या यंत्रमागांनी तुझे कान खाल्ले. माझे कसे वाचले कोण जाणे.

आता एक काम आहे. तुझ्या डोक्याचं काम. आपल्या खात्यात मापाचं काही अडलं की सगळे तुझ्याकडे यायचे, तसा मी आलोय असं समज.

माझ्या गाडीच्या चाकांच्या मधोमध एक गोल झाकण असतं. कपाळावर टिकली असावी तसं. इथे त्याला सेंटर कॅप म्हणतात. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचं ते झाकण कुठेतरी पडलं. आत ग्रीसने माखलेलं भोक दिसतं. गाडी काणी दिसते. म्हटलं, नवीन आणू, दहा मिनिटांचं काम. दादा, आज पंधरा दिवस झाले.

पहिल्यांदा उधन्याच्या रस्त्यावर एका दुकानात गेलो. म्हटलं, व्हील कॅप द्या. तो म्हणाला, तेराची की चौदाची? मी म्हटलं, सव्वादोन-अडीच इंचाची. तो हसायलाच लागला. आतून जेवणाच्या ताटाएवढी प्लास्टिकची चकती घेऊन आला. म्हणे व्हील कॅप म्हणजे ही, अख्ख्या चाकावर बसते. मला पाहिजे ती सेंटर कॅप. बरं, ती दे. तर त्याने गाडीचं नाव विचारलं आणि कंपनीची म्हणून एक दिली. घरी येऊन लावतो तर ती मोठी. भोकावर नुसती ठेवल्यासारखी राहिली, आत काही जाईना.

परत गेलो. तो गाडीपाशी आला, चाक बघून म्हणाला, काका, ही चाकंच कंपनीची नाहीत, बाहेरून घातलेली आहेत. आता बोल. गाडी मी कडोद्याच्या माणसाकडून घेतली, तीन वर्षं पुसून पुसून वापरली, आणि चाकं भलत्याचीच आहेत हे मला माहीतच नाही! म्हटलं, मग ही कोणाची चाकं? तो म्हणाला, ते कोण सांगणार? झाकणावर नाव नाही, नुसतं एक फूल आहे. दुसऱ्या दुकानात गेलो, तो गुजरातीत म्हणाला, काका, एम न चाले, माप लईने आवो.

माप! मला माप घेऊन ये म्हणतो. एकतीस वर्षं फिटर होतो मी.

घरी आलो, पेटीतून व्हर्नियर काढलं, शेजारच्या चाकावरचं झाकण मोजलं. अडुसष्ट मिलिमीटर. चहा पिऊन पुन्हा मोजलं तर अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा त्रेपन्न. एकच झाकण आहे, दादा, जागच्या जागी आहे, आणि माप असं बदलतंय. व्हर्नियर जुनं झालं असेल. त्यावरच्या रेघा घासल्या गेल्या असतील. नाहीतर मोजायची पद्धत माझी चुकत असेल. झाकण मोजायचं की भोक? तोंडाचं माप धरायचं की आतल्या चिमट्यांचं? तू सांग.

रंजना म्हणते, "तुमनं डोकं फिरी गयं का? एका टिकलीसाठी पेट्रोल जाळत फिरतात!" तिला काय सांगू.

बाकी क्षेम. प्रियाला रोज सकाळी मीच शाळेत सोडतो, काळजी नको.

तुझा
हिलाल


नवागाम, सुरत
१५ डिसेंबर २०२४

प्रिय पंडितदादा,

रामराम. तुझं पत्र शुक्रवारी आलं. तू काढलेली आकृती पाहून जुने दिवस आठवले. अजूनही तुझा हात थरथरत नाही.

तर मापं दोन असतात, हे कळलं. एक झाकणाच्या तोंडाचं, जे चाकाच्या खाचेत दिसतं. दुसरं भोकाचं, ज्यात मागचे चिमटे अडकतात. दोन्ही जुळली तरच झाकण बसतं. एवढं साधं मला दुकानात कोणी सांगितलं नाही. एक दुकानदार तोंडाचं माप विचारतो, दुसरा भोकाचं, आणि दोघेही नुसतं "साइज बोलो" म्हणतात. मी एकाला दुसऱ्याचं सांगत होतो.

तू लिहिलंस तशी दोन्ही मापं घेतली. तोंड त्रेपन्न. भोक अठ्ठावन्न. सहारा दरवाज्याकडे एकाकडे त्रेपन्नचं मिळालं, आनंदाने घेऊन आलो. लावायला गेलो तर ते भोकातून सरळ आत गेलं! चिमट्याने ओढून काढावं लागलं. रंजना ओट्यावर बसून बघत होती. हसली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तू म्हणतोस, दुसऱ्या चाकाचं झाकण काढून नमुना म्हणून दुकानात ने, भांडणच मिटेल. बरोबर आहे तुझं. पण ही झाकणं पुढून निघत नाहीत. चाक खोलून मागून ढकलावी लागतात. डिंडोलीला लखन नावाचा टायरवाला आहे, आपल्याच भागातला, तो म्हणाला पाच मिनिटांत काढून देतो, आणि चारही चाकं एकदा बघून घेतो. मी म्हटलं, राहू दे. मला घाई होती.

आणि तू विचारलंस, झाकण पडलं कसं. चिमट्यांचं झाकण आपोआप पडत नाही, असं तू लिहिलंस. इथले रस्ते तू पाहिलेले नाहीस अलीकडे. जिथे तिथे खोदलंय. खड्ड्यात गाडी आदळली की काय सांगता येतं? पडलं असेल.

धनश्रीचं एक सांगायचं राहिलं. ती शाळेत जाऊन भांडून आली. म्हणे, पोरीचा कायमचा दात तुटला, रक्त आलं, आणि खेळाच्या बाईंना पत्ता नाही? त्या बाई रडवेल्या झाल्या म्हणे. त्या सांगत होत्या की त्या दिवशी चौथीचा खेळाचा तासच नव्हता. धनश्री म्हणाली, मग माझी पोर खोटं बोलते का? शेवटी मुख्याध्यापकांनी बाईंना लेखी खुलासा द्यायला लावला. आणि धनश्रीने प्रियाचं खो-खो बंद केलं.  प्रिया दोन दिवस माझ्यावरही रुसून होती.

तुझी पोर रागाला आली की तुझ्यासारखी दिसते.

सोबत एक कागद पाठवतोय. म्हटलं, माझ्या मापाचा भरवसा धरण्यापेक्षा तुलाच दाखवावं. मिलमध्ये आपण घासलेल्या भागाचा ठसा घ्यायचो तसाच, चाकाच्या मध्यावर कागद दाबून वरून पेन्सिल फिरवली आहे. खाच आणि भोक दोन्ही उमटलंय. तू त्यावरून मोज आणि आकडे कळव.

वहिनीला नमस्कार. थंडी आहे का तिकडे? इथे सकाळी सातला अजून नीट उजाडत नाही. डोळे ताणून बघावं लागतं.

तुझा
हिलाल


नवागाम, सुरत
२६ डिसेंबर २०२४

पंडितदादा,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. चार ओळींचं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

तू लिहिलंस, "खाच त्रेसष्ट, भोक अठ्ठावन्न. तू लिहिलेली मापं जगातल्या कुठल्याच झाकणाची नाहीत, भोक तोंडापेक्षा मोठं कसं असेल? ठशात खाचेच्या कडेला गोल ओरखडे आहेत, म्हणजे चाक फिरत असताना दगडाला घासलंय. प्रियाचा दात कोणत्या तारखेला तुटला?"

दादा, अठरा नोव्हेंबरला.

आता सगळं लिहितो. क्रम चुकला तर सांभाळून घे.

ऑक्टोबरमध्ये उधन्याला डोळे तपासणीचं शिबिर होतं. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेलो. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास तपासलं. म्हणाल्या, डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे, बराचसा गेला, गेलेलं परत येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन होईल. आणि म्हणाल्या, काका, गाडी चालवत असाल तर आजपासून बंद. मी हो म्हटलं. बाहेर आलो, गाडीत बसलो आणि चालवत घरी आलो.

मला वाटलं होतं डोळा जातो म्हणजे काळं दिसतं. तसं नाही, दादा. काळं दिसतच नाही. डावीकडचं नुसतं नसतं. तिथे काही नाही हेही कळत नाही. म्हणून मला खरंच वाटायचं की मला दिसतंय. हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

रंजनाला सांगितलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. गाडी गेली तर मी कोण राहतो, असं काहीतरी मनात होतं. सकाळी साडेसहाला धनश्रीची दवाखान्याची पाळी, जावईबापू दीपक अंकलेश्वरला, पोरीला शाळेत सोडायचं काम माझं. गल्लीतली माणसं म्हणायची, हिलालभाऊ निघाले. एवढंच होतं माझ्याकडे.

अठरा तारखेला डिंडोलीच्या पुलावरून उतरताना रस्ता जरा उजवीकडे वळतो. मी सरळ गेलो. फूटपाथची कड मला दिसलीच नाही. डावं चाक तिच्यावर घासत गेलं, मोठा आवाज झाला, मी ब्रेक मारला आणि प्रिया समोर आदळली. तिला पट्टा लावलेला नव्हता. तोही माझाच दोष. ती रडली नाही आधी. तोंडावर हात ठेवून बसली. हात काढला तेव्हा तळहातावर दाताचा तुकडा होता.

फूटपाथवर, तिथून पुढे दहा पावलांवर एक बाई डबा घेऊन उभी होती. आमच्याकडे बघत होती. तीही मला दिसली नव्हती. प्रियाने दाखवली तेव्हा मान वळवून पाहिलं.

मी प्रियाला नळावर नेऊन तोंड धुतलं. आणि तिला म्हटलं, आईला सांगू नको. खेळताना पडले म्हण. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "आई माझी गाडी बंद करेल." तिने थोडा विचार केला आणि मान हलवली. दहा वर्षांची पोर, दादा. तिने माझ्यासाठी खोटं बोलायचं कबूल केलं, आणि मी तिला शाळेच्या दारात सोडून आलो.

त्यानंतरही मी गाडी चालवत राहिलो.  दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली, स्वतःच पट्टा लावला आणि रस्ताभर बोलू लागली. "बाबा, डावीकडे रिक्षा. बाबा, डावीकडे कुत्रं. बाबा, आता कोणी नाही." मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं होतं. मी हसून म्हटलं, वा, माझी कंडक्टर! खेळ करून टाकला त्याचा. सव्वा महिना रोज सकाळी ती माझा डावा डोळा होऊन शाळेत जात होती.

रिमवरचे ओरखडे मी चंदेरी रंगाने झाकले. झाकण तेवढं राहिलं. धनश्रीने एकदा सहज विचारलं, "काका, चाकाचं ते गोल कुठे गेलं?" तेव्हापासून मला झोप नाही. वाटायचं, ते एकदा बसलं की काही झालंच नाही असं होईल. लखनला चाक खोलू दिलं नाही ते यासाठीच. त्याने वाकलेली कड पाहिली असती.

परवा मंगळवारी मी पुन्हा माप घेत बसलो होतो. प्रिया आली, व्हर्नियर माझ्या हातातून घेतलं, डोळ्याजवळ धरलं आणि म्हणाली, "त्रेसठ. अने आतलं अठ्ठावन. बाबा, तुम्हाला हे वाचता येत नाही का?" तुझी नात आहे, दादा. मी एकदाच दाखवलं होतं कसं धरायचं ते. तू मला शिकवलेलं, "हातले कळस, मंग डोयाले." तिच्या हाताला कळलं.

काल शाळेला सुट्टी होती. कडोद्याला एक जण जुन्या चाकांचा व्यापार करतो असं ऐकलं होतं. प्रियाला घेऊन गेलो, तिच्याशिवाय मला जाता आलं नसतं. हायवेने. होय, हायवेने. त्या माणसाकडे झाकणांचं पोतं होतं. मी म्हटलं, त्रेसष्ट-अठ्ठावन्न. त्याने पोतं ओतलं, तीन-चार बाजूला काढली, एक उचललं आणि चाकावर ठेवून तळहाताने दाबलं. टक् आवाज झाला. बसलं. फूल नव्हतं त्यावर, साधं चंदेरी होतं, पण बसलं. प्रियाने टाळ्या वाजवल्या.

येताना मी खुशीत होतो. म्हटलं, सुटलो. ती बोलत होती, "डावीकडे ट्रक, डावीकडे मोटरसायकल." मी ऐकत होतो आणि चालवत होतो. मग एक मोठा हॉर्न वाजला, अगदी कानाशी, आणि ट्रक माझ्या डाव्या बाजूने आरशाला लागता लागता गेला. तेव्हा लक्षात आलं की बऱ्याच वेळापासून ती बोललेली नाही. मला वाटत होतं रस्ता मोकळा आहे. ती झोपली होती.

गाडी कडेला घेतली. कशी घेतली, मला आठवत नाही. ती तोंड उघडं टाकून झोपली होती आणि तो अर्धा दात दिसत होता. मी बंद गाडीत बसून राहिलो.  ट्रक जात होते आणि गाडी हलत होती. ती उठली तेव्हा म्हणाली, "सॉरी बाबा, मी झोपले."

ती मला सॉरी म्हणाली.

पुन्हा तिथूनही मी गाडी चालवतच घरी आणली, तेही लपवत नाही. दुसरं काही सुचलं नाही. घरी आलो तर शेजाऱ्यांकडे आदल्या दिवशी आलेलं तुझं पत्र दाराला अडकवलेलं. एका हातात तुझं पत्र, आणि बाहेर गाडीचं चाक असं झालेलं की आता कोणालाच काही कळलं नसतं.

रात्री रंजनाला सगळं सांगितलं. तिने गाडीची चावी उचलली आणि स्वतःच्या कमरेला लावली. आज सकाळी प्रियाला रिक्षाने सोडलं. धनश्रीला म्हटलंय, गाडी बिघडलीय. हे शेवटचं खोटं. रविवारी तिला सुट्टी असते, तेव्हा जाऊन सांगतो. तुला आधी लिहितोय, कारण गावी परत जाताना तू मला स्टेशनवर म्हणाला होतास, माझ्या पोरीकडे लक्ष ठेव.

हिलाल


नवागाम, सुरत
६ जानेवारी २०२५

पंडितदादा,

रामराम. तुझं उत्तर आलेलं नाही. टपाल उशिरा येतंय की तू लिहिलंच नाहीस, ते कळत नाही. दोन्ही समजू शकतो. रोज दुपारी दारात बसतो.

एकोणतीस तारखेला, रविवारी, धनश्रीकडे गेलो होतो. रंजना सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं, तरी आली. धनश्री कपडे वाळत घालत होती. दीपक घरी होते. मी उभ्यानेच सांगायला लागलो, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि मग बोलता आलं नसतं.

तिने मधे एकदाही तोडलं नाही. हातात ओली चादर होती, तिचं पाणी फरशीवर पडत होतं. सगळं झाल्यावर तिने आत हाक मारली, "प्रिया." पोर आली, माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. रडायला लागली. म्हणाली, "मी नाही सांगितलं बाबा. मी कोणालाच नाही सांगितलं."

दादा, तिला वाटलं तिच्यावर आळ आलाय. मी म्हटलं, बेटा, मीच सांगितलं. तर ती म्हणाली, "मग मी बाईंबद्दल खोटं का बोलले?"

रंजनाने तिला जवळ ओढलं. 

धनश्री तेव्हा बोलली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "काका, दात बसवता येतो. पण मी त्या बाईंना सगळ्यांसमोर बोलले. माझ्या पोरीला तुम्ही दीड महिना हे पोटात ठेवायला लावलं. रोज रात्री ती दचकून उठायची, मला वाटायचं परीक्षेचं टेन्शन आहे. मी नर्स आहे काका, दिवसभर म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यात औषध घालते. मला एक शब्द बोलला असता तर?"

मी म्हटलं, "चुकलो." एवढाच शब्द सुचला. फार छोटा होता.

दीपक काहीतरी बोलायला निघाले, तिने हाताने थांबवलं. मग तिने विचारलं, "औषध कुठलं घालताय?" शिबिरात दिलेली थेंबांची बाटली माझ्या खिशातच होती, रंजनाने माझ्या पाठी लागून ती सोबत घ्यायला लावली होती. धनश्रीने ती उजेडात धरून वाचली. "कधी उघडली?" मी म्हटलं, ऑक्टोबरमध्ये. रोज घालता का? म्हटलं, आठवलं की. "ही उघडली की महिन्याभरात टाकायची असते," असं म्हणून तिने बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि चादर वाळत घालायला परत गेली. आम्ही दोघं निघून आलो.

सोमवारी ती प्रियाला घेऊन शाळेत गेली आणि खेळाच्या बाईंची माफी मागितली. मुख्याध्यापकांना लिहून दिलं. त्या कागदावर माझं नाव आहे, ते योग्यच आहे. मी पण गेलो होतो, दुसऱ्या दिवशी, एकटा. बाई बाहेर आल्या. वयाने लहान आहेत, धनश्रीपेक्षाही लहान. मी सांगितलं, गाडी चालवणारा तो मी. त्या म्हणाल्या, "माझी नोकरी कायम व्हायची होती या महिन्यात." मी विचारलं, आता होईल ना? त्या म्हणाल्या, माहीत नाही. मुलांची घंटा झाली आणि त्या गेल्या.

प्रियाला आता दीपक सोडतात, पाळी बदलून घेतली आहे. खो-खो सुरू झालंय असं रंजनाने ऐकलं. रस्त्यात भेटली तर ती हात हलवते, पण आईचा हात धरून असते, थांबत नाही.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, एकोणीस जानेवारी. गाडी विकायला काढली आहे. घेणारा चाकांकडे बघत होता तर मी त्याला कडेला आलेला वाक दाखवला, रंग खरवडून. त्याने भाव पाडला. पाडू दे.

आता जे मला कळत नाही ते लिहितो, आणि यासाठीच हे पत्र आहे.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर जाळीला एक पिशवी अडकवलेली होती. आत थेंबांची नवी बाटली. त्यावर पेनाने लिहिलेलं, उघडल्याची तारीख, टाकायची तारीख, सकाळी एक, रात्री एक. अक्षर धनश्रीचं. बाकी चिठ्ठी नाही, काही नाही. मी रंजनाला विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, अर्थ काय, औषध घाला. पण मला झोप येत नाही, दादा. हे तिने मला माफ केलं म्हणून आहे, की कोणाही म्हाताऱ्यासाठी तिने हेच केलं असतं? दाराची बेल वाजवली नाही, ते राग म्हणून, की कामाला उशीर होत होता म्हणून? मी परत तिच्या दारात जाऊ की तिच्या येण्याची वाट बघू? तीनदा निघालो आणि गल्लीच्या तोंडावरून परत आलो.

थेंब मात्र घालतोय. सकाळी एक, रात्री एक. एकही चुकवला नाही.

तू तिचा बाप आहेस. तिच्या मनातलं तुला कळत असेल. माझ्यावरचा तुझा राग तर मला मान्यच आहे, तो पोटात ठेवू नको, शिव्या घालायच्या त्या घाल. पण लिही. आणि मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे तुझं पत्र मला कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

उत्तराची वाट बघणारा,
हिलाल